सहीचा अधिकार

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कोणत्याही गावात जा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. महाराष्ट्रात २०११ पासून तसा कायदाच आहे. विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी आणि एकेक जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी राखून ठेवलेली असते. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. निम्न दुधनेच्या कालव्यावर पाणी वापर संस्था काढायची तर २००५ च्या कायद्याप्रमाणे संचालक कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांतून सारख्या संख्येने घ्यावे लागतात. वरच्या अंगाचेच लोक कारभारी झाले तर टेलच्या शेतकऱ्याचे रान कोरडे राहते, हा कालव्यावरचा जुना अनुभव त्या कायद्यामागे आहे.

याच गावात एक स्वयंसेवी संस्थाही काम करते. ती बचत गट बांधते, बालविवाह थांबवते, मुलींना शाळेत परत आणते, ग्रामसभेला बायकांनी का यावे हे घरोघर जाऊन सांगते. समतेचा शब्द गावात सगळ्यात जास्त वेळा तिच्याच कार्यकर्त्यांच्या तोंडी असतो. पण तिच्या विश्वस्त मंडळात कोण असावे याबद्दल कायदा गप्प आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात माणसे लागतात. ती सातही एका जातीची, एका गल्लीतली, एकाच वयाची असली तरी नोंदणी अडत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हिशेब मागतो, मालमत्तेची नोंद मागतो, विश्वस्त बदलले की बदल अर्ज मागतो. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्यापैकी कोणी या मंडळात आहे का, हे तो विचारत नाही. म्हणजे गावातली सोसायटी आणि पंचायत यांना जे कायद्याने करावे लागते, ते संस्थेच्या प्रमुखाला आपणहून करावे लागते. म्हणून त्याची जबाबदारी जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

गेली काही वर्षे संस्थांमध्ये समता आणि समावेशन या विषयावर प्रशिक्षणे होतात. दोन दिवसांची निवासी शिबिरे, गटचर्चा, भिंतीवर चिकटवलेले तक्ते. ती वाईट नसतात. पण त्यातून घरी परतलेल्या संचालकाला सोमवारी सकाळी नेमके काय बदलायचे हे ठाऊक नसते, कारण प्रशिक्षणात बोलणे मनाच्या मोठेपणाविषयी झालेले असते आणि संस्थेतली विषमता कागदावर असते. चेकवर सही कोणाची, प्रस्ताव कोण लिहितो, पगार कोणाला आणि मानधन कोणाला, बैठकीची वेळ कोण ठरवतो, नोकरीच्या जाहिरातीत कोणती अट आहे, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींत ती बसलेली असते. तिथे हात घातला नाही तर शिबिरातले चांगले शब्द शिबिरातच राहतात.

हे असे का झाले, याची कारणे समजून घेतली पाहिजेत, नाहीतर आपण विनाकारण माणसांना दोष देत बसू. सेलूला संस्थांचा मोठा वारसा आहे. निजामाच्या राज्यात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे, सार्वजनिक सभांवर बंधने होती. त्या काळात इथे नूतन विद्यालय उभे राहिले. मराठीतून शिकवणारी शाळा चालवणे हे त्या वेळी केवळ शिक्षणाचे काम नव्हते, ते धाडस होते. पण अर्ज करणे, परवानगी मिळवणे, वर्गणी जमवणे, हिशेब लिहिणे ही कामे ज्यांच्या घरात आधीपासून लेखणी होती त्यांनाच जमण्यासारखी होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला राहिला आणि दलित वस्त्यांनी त्याची किंमत मोजली. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. अशा प्रत्येक हादऱ्यानंतर मराठवाड्यात माणसे कामाला लागली, संस्था निघाल्या. अंबाजोगाईला द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये मानवलोक उभी केली, शैला लोहियांनी मनस्विनी महिला प्रकल्प चालवला. आपल्याच जिल्ह्यात, पालम तालुक्यातल्या केरवाडीला सूर्यकांत कुलकर्णी मुलांच्या प्रश्नांवर काम करत राहिले. बीडमधून एकनाथ आवाडांचे मानवी हक्क अभियान निघाले.

या यादीतले आवाडांचे नाव मला इथे मुद्दाम थांबून पाहावेसे वाटते. ते मांग समाजात, पोतराजाच्या घरी जन्मले. त्यांच्या संघटनेने जो प्रश्न सगळ्यात वर ठेवला तो गायरान जमिनीचा होता. भूमिहीन दलित कुटुंबे पडीक गायरान कसत होती, ती जमीन त्यांच्या नावावर व्हावी, यासाठी मराठवाड्यात गावोगाव लढे झाले, मार खाल्ला गेला, खटले चालले. त्याच काळात त्याच वस्त्यांत काम करणाऱ्या इतर कितीतरी संस्था आरोग्याची, शिक्षणाची, शिलाईकामाची कामे करत होत्या. ती कामेही गरजेची होती. पण जमिनीचा प्रश्न पहिला आहे हे ज्याच्या घरी कधी जमीन नव्हती त्याला आधी दिसले. नेतृत्वात कोण आहे यावरून संस्थेला प्रश्न कोणता दिसतो हे ठरते. विश्वस्त मंडळात विविधता हवी ती शोभेसाठी नको, अहवालातल्या फोटोसाठी तर नकोच. ती नसेल तर संस्थेला अर्धे गाव दिसत नाही, म्हणून ती हवी.

आपल्याकडे या विषयावरचा सगळ्यात खोल वाद नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. समावेशनावर बोलताना आपण परदेशी पुस्तिका चाळतो आणि हा वाद विसरतो, याचे मला वाईट वाटते.

पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ च्या अखेरीस अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण संघ स्थापन झाला. पुढे तो हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला गेला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा सचिव. सुरुवातीला मध्यवर्ती मंडळात बाबासाहेब आंबेडकर होते, एम. सी. राजा होते, रेट्टमलै श्रीनिवासन होते. नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लांब पत्र लिहिले. अस्पृश्यांतल्या एकेका माणसाला सद्गुणी करण्यावर शक्ती घालवू नका, पाणवठा, शाळा, रस्ता, नोकरी अशा नागरी हक्कांसाठी मोहीम उघडा, असा त्याचा गाभा होता. आणि हे काम करणारी माणसे शक्यतो दलित वर्गातूनच घ्या, असेही त्यात होते. त्या पत्राला त्यांना उत्तर मिळाले नाही. ते संघातून बाहेर पडले. संघाच्या कारभारात आम्हाला जागा हवी, अशी मागणी पुढे दलित कार्यकर्त्यांनी गांधीजींकडे केली. त्यावर गांधीजींचे म्हणणे असे होते की हा संघ सवर्ण हिंदूंच्या प्रायश्चित्तासाठी आहे. पाप त्यांचे, कर्ज त्यांचे, तेव्हा फेडायचे त्यांनी. हरिजनांनी हवे तर सल्लागार मंडळे करावीत, चुका दाखवाव्यात.

गांधीजींचे हे उत्तर हलके नाही. त्यामागे नैतिक तळमळ होती, आणि सेवेचे ओझे पुन्हा पीडितावरच टाकू नये हा विचारही खरा होता. तरीही ते उत्तर चूक होते असे मी स्पष्ट म्हणेन. प्रायश्चित्त घेणाऱ्याच्या हातीच तिजोरीची किल्ली राहिली तर ज्याच्यासाठी प्रायश्चित्त आहे तो कायमचा घेणाराच राहतो. आणि ते सल्लागार मंडळ आठवा. आज कितीतरी संस्थांत हेच आहे. गावपातळीवर समिती, तालुक्याला सल्लागार गट, सगळ्यात वस्तीतली माणसे, आणि अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्या बैठकीत त्यांच्यातले कोणीच नाही.

याच्या आठ वर्षे आधी, १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतः एक संस्था काढली होती. बहिष्कृत हितकारिणी सभा. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, उपाध्यक्षांत पारशी, ज्यू, ब्राह्मण अशी प्रतिष्ठित नावे होती. म्हणजे बाबासाहेबांनी दुसऱ्यांना दूर ठेवले नाही. त्यांची पत, त्यांच्या ओळखी, त्यांचा पैसा यांचा त्यांनी मान राखला. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष ते स्वतः होते, चिटणीस आणि खजिनदार ही पदे अस्पृश्य समाजांतल्याच कार्यकर्त्यांकडे होती. मान बाहेरच्यांना, कारभार आतल्यांकडे. मराठवाड्यात पुढे बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले तेव्हा म. भि. चिटणीस प्राचार्य झाले. ते दलित समाजात जन्मलेले नव्हते. संस्था कोणाची हे ठरलेले असल्यामुळे प्राचार्य कोणत्या जातीचा हा प्रश्न तिथे अडचणीचा झाला नाही. स्वयंसेवी संस्थेच्या प्रमुखाने समतेवरचे एकच प्रकरण वाचायचे ठरवले तर १९२४ आणि १९३२ या दोन रचना शेजारी ठेवून वाचाव्यात.

आता आपल्या तालुक्याच्या गावी येऊ. संस्थेचे कार्यालय बहुधा दुकानांच्या वरच्या मजल्यावर असते, कारण तिथे भाडे कमी. जिना अरुंद. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि संस्था त्यांच्यासाठी प्रमाणपत्रांची शिबिरेही घेते, पण कुबडी घेऊन चालणारा माणूस त्या जिन्याने वर येऊन कधी कारकून होत नाही. गावात फिरणारी कार्यकर्ती वस्तीतलीच असते. बौद्ध, मातंग, लमाणी, मुस्लिम, बहुतेक वेळा एकटी बाई, दोन लेकरांची आई. तिला मानधन मिळते. कार्यालयातल्या समन्वयकाला पगार मिळतो. प्रकल्प संपला की मानधन थांबते. पगार पुढच्या प्रकल्पात सरकतो. माहिती ती गोळा करते, अहवाल दुसरे कोणी लिहिते, आणि मुंबईहून पाहुणे आले की ती सतरंजीवर बसून आपली कहाणी सांगते. त्या कहाणीतून पुढच्या वर्षीचा निधी येतो. निधी किती आला हे तिला कळत नाही.

मी हे कोणा एका संस्थेविषयी लिहीत नाही. ही सगळीकडची रीत आहे आणि ती चालवणारी माणसे सहसा सज्जन असतात. तेव्हा हेतूवर बोलून उपयोग नाही.

एक वाक्य मात्र थांबवले पाहिजे. ‘आमच्याकडे कोणी जात विचारत नाही.’ हे वाक्य बोलणारा मनापासून बोलतो. पण गावात काम करणाऱ्या प्रत्येकाची जात गावाला ठाऊक असते. कोणत्या घरी पाणी मिळते, कोणत्या घरी ओसरीवरच थांबावे लागते, कोणत्या गल्लीत भाड्याने खोली मिळत नाही, हे कार्यकर्तीला रोज कळते. न विचारण्याची चैन कार्यालयात बसणाऱ्यालाच परवडते. संस्थेने विचारले पाहिजे, पण व्यक्तीला खिंडीत पकडून नव्हे. एका कागदावर चार ओळी आखाव्यात: विश्वस्त, प्रमुख व समन्वयक, पूर्णवेळ कर्मचारी, मानधनावरचे. प्रत्येक ओळीत बायका किती, अनुसूचित जातींचे किती, भटके-विमुक्त किती, मुस्लिम किती, अपंग किती, एवढे लिहावे. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला सुमारे १८ लाख ३६ हजार होती, आणि तीत साधारण सहा माणसांमागे एक मुस्लिम आहे. कागदावरच्या वरच्या दोन ओळींत एकही मुस्लिम नाव नसेल तर ते आपोआप झाले असे म्हणता येणार नाही. एकूण बेरीज पाहून फसू नये. खालची ओळ भरलेली आणि वरची एकरंगी असली की बेरीज छानच दिसते.

हा कागद का लागतो, ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसले. परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन उसळले, अटका झाल्या आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेपुढे एक प्रश्न होता. निवेदन काढायचे की गप्प राहायचे? कार्यकर्त्यांना वस्त्यांत पाठवायचे की घरी थांबवायचे? ज्या संस्थेत हे ठरवणाऱ्यांपैकी कोणाचेच घर त्या वस्त्यांत नव्हते, तिथे निर्णय जो झाला असेल तो झाला असेल, पण तो अर्धवट माहितीवर झाला असणार.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पात्रतेचा. हिशेब, कायदा, इंग्रजी प्रस्ताव हे ज्याला येत नाही तो विश्वस्त होऊन काय करणार? याचे उत्तर जामखेडने देऊन ठेवले आहे. सेलूपासून ते फार लांब नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि आरोग्याचे ज्ञान गावातल्या बायकांच्या हाती द्यायचे ठरवले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायका प्रशिक्षणाला एकत्र राहायला लागल्या तेव्हा एका ताटाचा, एका पांघरुणाचा प्रश्न आधी आला आणि तो सोडवल्याशिवाय बाळंतपणाचा धडा पुढे गेला नाही. विंधन विहिरींसाठी जागा निवडताना आरोळ्यांनी दलित वस्तीतली जागा पुढे केली, म्हणजे पाण्यासाठी गावाला तिकडे यावे लागले. आणि पुढे काय झाले? देशोदेशींहून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना त्याच बायका शिकवू लागल्या. पात्रता आधी आणि जागा मागाहून, असा क्रम त्यांनी लावला नाही. जागा आधी दिली, पात्रता तिच्यात राहून वाढली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की शिकवणारे कोण हे तिथे बदलले.

मुंबईतल्या कोरो या संस्थेचे उदाहरणही जवळचे आहे. १९८९ मध्ये साक्षरतेच्या कामासाठी ती निघाली तेव्हा ती शिकल्या-सवरल्या मध्यमवर्गाची होती. वस्तीत काम करता करता संस्थेने आपला कारभार वस्तीतल्या कार्यकर्त्यांकडे सोपवत नेला. चेंबूरच्या वस्तीतून आलेल्या मुमताज शेख संस्थेच्या नेतृत्वाच्या फळीत आल्या आणि सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्काच्या मोहिमेमुळे २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले. मुतारीचा प्रश्न हा चळवळीचा प्रश्न होऊ शकतो हे दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या बाईला सुचले. पत्रे लिहिणाऱ्याला ते सुचले नसते. मराठवाड्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित बायकांची एकल महिला संघटना उभी राहिली तिच्या मुळाशीही कोरोच्या फेलोशिपमधून तयार झालेले कार्यकर्ते आहेत.

दुसरा आक्षेप नावापुरत्या जागेचा. पंचायतीत बाई सरपंच आणि कारभार पतीचा, तसे संस्थेतही होईल. होईल, काही ठिकाणी होईलच. पण पंचायतीतले आरक्षण आपण त्यासाठी रद्द केले नाही. ग्रामसभा घेतल्या, प्रशिक्षण दिले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत स्वतः खुर्चीत बसणाऱ्या बायका आल्या. संस्थेत हा धोका कमी करता येतो. एकट्या व्यक्तीला मंडळात घेऊ नये. निदान दोघी-तिघी एकदम घ्याव्यात. एकटी बाई सात पुरुषांत बोलत नाही, तिला सोबत लागते. आणि प्रतिनिधी संस्थाप्रमुखाने आपल्या मर्जीतला निवडू नये. बचत गटांच्या संघाने, वस्तीच्या बैठकीने, कार्यकर्त्यांच्या गटाने नाव सुचवावे. मर्जीतला माणूस निवडला की तो संस्थेची बाजू वस्तीत सांगतो. वस्तीची बाजू संस्थेत आणणारा हवा असेल तर त्याला वस्तीनेच पाठवले पाहिजे.

प्रमुखांनी करायच्या गोष्टी मोठ्या नाहीत, पण त्या दुखतात. नोकरीच्या जाहिरातीतली ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ ही ओळ घ्या. या एका ओळीने तालुक्यातल्या बहुतेक बायका, गरीब घरची मुले आणि अपंग माणसे अर्ज करण्याआधीच बाहेर जातात. संस्थेची दुचाकी द्यावी, नाहीतर एसटी आणि काळी-पिवळीने जमेल असे कार्यक्षेत्र आखून द्यावे. फिरतीचा खर्च आधी खिशातून करा, मग पावत्या लावा, दोन महिन्यांनी मिळेल, ही पद्धतही तशीच. ज्याच्या खिशात काही आहे त्यालाच ती जमते. आगाऊ रक्कम दिली की प्रश्न मिटतो. बैठक संध्याकाळी पाचला ठेवली की शेवटच्या गाडीने परतणारी बाई येत नाही, किंवा येते आणि निम्म्यात उठते. मग इतिवृत्तात तिचे मत नसते. जिंतूरकडच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात, सेलूच्या मोहल्ल्यात दखनी. तिथे काम करायचे तर ती भाषा येणे ही पात्रता धरावी आणि तिचे मोल पगारात दिसावे. इंग्रजीचे दिसते तसे. ईदला आणि १४ एप्रिलला प्रशिक्षण ठेवू नये, हे खरे तर सांगावे लागू नये.

आणि दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असलीच पाहिजे. २०१३ च्या या कायद्यात मानधनावरचे आणि बिनपगारी स्वयंसेवकही कर्मचारी धरले जातात. हा कायदा कुठून आला ते संस्थावाल्यांनी विसरू नये. राजस्थानात सरकारी महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून मानधनावर राबणाऱ्या भंवरीदेवींनी १९९२ मध्ये बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून पुढे कायदा. कामासाठी गावात पाठवलेल्या बाईच्या जिवाची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे की नाही, हाच तो प्रश्न होता. सेलू, जिंतूर, पाथरीच्या गावांतही आपल्या कार्यकर्त्या बालविवाह थांबवायलाच जातात.

सगळा भार प्रमुखांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल, कारण देणगीदारही ही उतरंड पक्की करतात. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने परदेशी निधी छोट्या संस्थेकडे वळवण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. तालुक्यातल्या, दलित-भटक्यांनी चालवलेल्या छोट्या संघटना अशा वळत्या निधीवरच तग धरून होत्या. कंपन्यांचा सामाजिक निधी हा दुसरा रस्ता, पण त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला, केंद्र सरकारकडे केलेली नोंदणी आणि इंग्रजी सादरीकरण लागते. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, आणि कारखाने परभणीत किती आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. निधी देणाऱ्यांनी लाभार्थींतल्या बायकांची टक्केवारी विचारण्याबरोबर सही करणाऱ्यांतली टक्केवारीही विचारावी. मराठीत लिहिलेला प्रस्ताव घ्यावा. कार्यकर्त्यांच्या विम्याचा आणि भविष्य निर्वाह निधीचा खर्च हा ‘वरखर्च’ म्हणून छाटू नये. एवढे केले तर प्रमुखाची निम्मी सबब संपते.

उरलेली निम्मी संस्थापकाची स्वतःची असते. ज्याने तरुणपणी नोकरी सोडली, दुष्काळात उपाशी फिरला, घरची जमीन संस्थेसाठी गहाण टाकली, त्याला संस्था आपल्या लेकरासारखी वाटते यात नवल नाही. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण संस्था ही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था आहे. ती वारसाने जात नाही. मुलगा-सून संस्थेत आली म्हणून बिघडत नाही, बिघडते ते वीस वर्षे गावे पालथी घालणाऱ्या कार्यकर्तीचे नाव वारसदार म्हणून कोणाच्या मनातही येत नाही तेव्हा. घटनेत दुरुस्ती करून विश्वस्तांची मुदत ठरवावी, सलग दोन मुदतींनंतर बाजूला व्हावे. निदान एक तृतीयांश जागा ज्या समाजांसोबत काम आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवाव्यात, आणि बँक खात्यावर सही करणाऱ्या तिघांपैकी एक सही त्यांच्यातली असावी. नवे विश्वस्त आले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. तो लांबला की नवी माणसे वर्षानुवर्षे कागदावर नसतात आणि जुन्यांच्याच सहीने कारभार चालतो.

एक अडचण फार क्वचित बोलली जाते. विश्वस्तपद मानद असते, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी दिवसभर बैठकीला बसले तर त्यांचे काही बुडत नाही. सोयाबीनच्या काढणीला किंवा कापूस वेचायला जाणारी बाई बैठकीला आली तर तिची त्या दिवसाची मजुरी जाते, येण्याजाण्याचे भाडे वेगळे. तिला मंडळात घेऊन हे नुकसान तिच्यावरच ठेवले तर ती दोन बैठकांनंतर येणार नाही आणि आपण म्हणू की तिला रस नाही. म्हणून प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची तरतूद नियमावलीत करावी आणि हिशेबतपासनिसाशी बोलून ती पक्की करावी. बैठकीचे कागद मराठीत, आठ दिवस आधी तिच्या हाती पडावेत. ताळेबंद कसा वाचायचा हे लेखापालाने तिच्यासोबत बसून पहिल्या वर्षी तरी दर तिमाहीला समजावून सांगावे. आणि वेचणीचे दिवस पाहून बैठकीची तारीख धरावी.